बरगडीवरची चरबी

थांबा. आधी तो पाय खाली घ्या. लाथ मारून माझी तब्येत कळत नाही. कुणाचीच कळत नाही.

मी गाडीचा टायर बोलतोय. सध्या सुसामीरच्या खोऱ्यात, ओरोझबाय म्हाताऱ्याच्या अंगणात, अर्धा मातीत पुरलेला आहे. मला कापून, वाकवून, पांढरा रंग फासून हंस केलंय. हसायचं तर हसून घ्या. इथल्या निम्म्या अंगणांत असे हंस आहेत, आणि प्रत्येकामागे एखाद्या शहाण्याची करामत आहे.

माझा जन्म जर्मनीतला. रबर, काजळी, पोलादी तारा, आणि कुशीत बारीक दोऱ्यांचं विणकाम. माणसं रस्त्याला टेकणारी नक्षी तेवढी बघतात. ती जाड आहे, खोल आहे, म्हणून खूश होतात. पण माझ्या दोन बाजूंच्या ज्या भिंती गाडीचा भार पेलतात, त्या पातळ असतात. त्यांच्यातले दोरे शाबूत, तर मी शाबूत. दोरे तुटले की नक्षी कितीही असो, मी मेलेला. फक्त जाहीर व्हायचा बाकी.

माझी पहिली मालकीण गाडी लावताना रोज मला फुटपाथच्या कडेवर घासायची. एक दिवस तपासनिसाने माझ्या बाजूवरून हात फिरवला, मान हलवली आणि मला बाद केलं. शिक्षण अर्धवट राहिलेल्या पोरासारखा मी बाहेर पडलो. तिकडचं बाद झालेलं सगळं आमच्याकडे ‘जवळजवळ नवं’ म्हणून येतं. मीही तसाच आलो. बाजारात विक्रेत्याने मला काळं चोपडून असं चमकवलं की मलाच माझी ओळख पटेना. ओरोझबायच्या मुलाने, एर्मेकने, मला उचललं आणि गाडीला मागे उजवीकडे बसवलं.

वसंतात एका खड्ड्याने काम पुरं केलं. आतले दोरे तुटले आणि माझ्या कुशीवर टेंगूळ आलं. एर्मेकने ते पाहिलं. त्याला कळलंही. पण हा दाढीमिशा आलेला बाप्या वडिलांसमोर शिंकायचीसुद्धा परवानगी घेतो. तो तसाच गाडी चालवत राहिला.

मग तो दिवस आला. एर्मेकची बायको, बेगिमाय, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी तलासला निघाली होती. मांडीवर तान्ही मुलगी. वाटेत ओत्मोकचा घाट. गाडीची डिकी गच्च भरलेली: कापलेली मेंढी, बोरसोकांची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांची, पोती, कापडाचे गठ्ठे. या सगळ्याच्या तळाशी दबलेली होती स्टेपनी, चांगली, धडधाकट, पण माझ्यासारखीच कुणी न विचारलेली.

निघण्यापूर्वी आक्साकाल, म्हणजे आमचे पांढऱ्या दाढीचे ओरोझबाय, गाडी ‘तपासायला’ आले. शेजारपाजार जमलाच होता. म्हाताऱ्याने आयुष्यभर घोडे पारखले. मोटारीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण वय झालं की माणसाला सगळंच कळतं, असा इथला कायदा आहे. त्याने मला थोपटलं. लाथ घातली. मग माझ्या टेंगळावर बोटं आडवी धरली, इथे घोडाही खातात, म्हणून खाटकाकडे नेण्याआधी चरबी मोजायला त्याच्या बरगडीवर धरतात तशी, आणि गावाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“दोन बोटं चरबी आहे. हिवाळाभर खाऊन उठलेला घोडा असाच असतो. तलास काय, चीनपर्यंत जाईल.”

सगळे हसले, माना डोलावल्या. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, तेही डोलावत होते. त्यांची मला जास्त चीड आली.

बेगिमायने मुलीला खांद्यावर घेतलं, खाली वाकली, मला दाबून पाहिलं. “बाबा, ही चरबी नाही, फुगा आहे. मऊ लागतोय.”

“सूनबाई, गाडीत बस,” सासू सुयुम पुटपुटली. “चारचौघांत मोठ्यांना शिकवतेस?”

म्हाताऱ्याने तळहात पसरले, प्रवासाला आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवत ‘ओमिन’ म्हटलं. झालं. इथे आशीर्वाद दिला की तपासणी संपते. त्यानंतर चाक बदलणं म्हणजे वडीलधाऱ्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. ते कुणी करत नाही. त्यापेक्षा दरीत पडतात.

म्हाताऱ्याची जागा पुढे, मानाची. माझ्या बरोबर वर बसली होती बेगिमाय आणि तिची मुलगी. रस्ता तापला, मी तापलो. दर फेऱ्याला एकेक दोरा तटतट तुटताना मला जाणवत होता. घाटाच्या वळणावर मी फुटलो असतो, तर गाडी कुठे गेली असती ते मला ठाऊक होतं. आणि मला ओरडता येत नव्हतं. पुढे म्हातारा एका जुन्या घोड्याची गोष्ट सांगत होता.

घाट सुरू होण्याआधी कुमिस विकणाऱ्यांचा एक तंबू लागतो. घोडीचं आंबवलेलं दूध प्यायल्याशिवाय म्हातारा पुढे सरकत नाही. त्या तहानेने सगळ्यांना वाचवलं, अकलेने नव्हे.

बेगिमाय उतरली ती थेट माझ्याकडे आली. टेंगूळ मुठीएवढं झालं होतं. तिने हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. “बाळाच्या टाळूसारखं लागतंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “स्टेपनी लाव.”

एर्मेकने वडिलांकडे पाहिलं.

“आशीर्वाद दिलाय मी,” म्हातारा म्हणाला. “हिचा भरवसा कशावर आहे? देवावर की रबरावर?”

ती भांडली नाही. गाडीतली गोधडी काढली, रस्त्याच्या कडेला अंथरली आणि मुलीला पाजायला बसली. “तुम्ही व्हा पुढे, बाबा. माझ्या आईला सांगा, तुमची लेक आणि नात वाटेत बसल्यात. ती येईल न्यायला.”

आता गंमत बघा. ज्या लाजेने सकाळी अख्ख्या गावाची तोंडं शिवली होती, तीच लाज आता म्हाताऱ्याच्या मानगुटीवर बसली. येणारी प्रत्येक गाडी थांबू लागली. एका ट्रकवाल्याने काच खाली केली. “आक्साकाल, सून हाकललीत की काय? तीही लेकरासकट?”

म्हाताऱ्याने कुमिसचा वाडगा खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मुलावर खेकसला, “एर्मेक, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? मघापासून काय सांगतोय मी? स्टेपनी लाव!”

मेंढी, बोरसोक, कापडं, सगळा आहेर रस्त्यावर मांडून चाक बदललं. घाट पार झाला. मुलगी आजोळी पोचली.

पण आपण चुकलो होतो, हे म्हातारा कबूल करेल? परतल्यावर त्याने मला मुद्दाम गवताच्या गाड्याला लावलं, हवा ठासून भरायला लावली आणि वर गवत रचलं. जगाला दाखवायचं होतं. त्याच दुपारी, उभ्या जागी, उन्हात मी फुटलो. तोफ उडाली जणू. अंगणातलं घोडं कुंपण तोडून पळालं आणि आक्साकाल शेणाच्या ढिगात बसलेले सापडले. त्यानंतर माझा हंस झाला. हल्ली पाहुण्यांना तो सांगतो, “मी बघताक्षणी ओळखलं होतं.” पाहुणे माझ्याकडे बघून माना डोलावतात. मी हंस. मी काय बोलणार?

म्हणून तुम्हाला सांगतो. वरवरचा ओरखडा असेल तर घाबरू नका. पण कुशीला फुगा दिसला, चीर जाऊन दोरे दिसले, तर टाकून द्या. ठिगळ नको, आशीर्वाद नको. आणि जी बाई हात लावून सांगतेय, तिचं ऐका.

काल एर्मेकने आणखी एक ‘जवळजवळ नवा’ टायर आणला. शेजार जमला. म्हातारा आला, लाथेसाठी पाय उचलला. ओट्यावर बेगिमाय येऊन उभी राहिली. पाय हळूच खाली आला. गुडघे कुरकुरवत तो वाकला, टायरच्या कुशीवरून चहूबाजूंनी हात फिरवला आणि उठून जाहीर केलं,

“याला चरबी नाही. चालेल.”