तारेनं खाल्लेलं नाव

नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी खुर्च्या पुरल्या नाहीत. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे राहिले. लग्न नव्हतं, प्रवचन नव्हतं. लोक तार ऐकायला आले होते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाते, ती तार.

विकणाऱ्याचं नाव प्रीतम. त्यानं पांढरे हातमोजे घातले होते. आधी साध्या तारेवर एक भजन लावलं. आवाज गोधडीखालून यावा तसा आला. टाळ तर ऐकूच येईनात. मग त्यानं मखमली पेटीतून बोटभर जाडीची निळी तार काढली. तिला एका बाजूला दोन टोकं होती, दुसऱ्या बाजूला चार. ती जोडली आणि तेच भजन पुन्हा लावलं. टाळ खणखणले. गाणाऱ्यानं श्वास घेतलेलासुद्धा कळला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात जोडले.

प्रीतम म्हणाला, "साध्या तारेत जाड आवाज आणि बारीक आवाज एकाच वाटेनं जातात. बैल आणि वासरू एका गव्हाणीवर बांधल्यासारखं. बैल सगळा चारा खातो, वासरू उपाशी मरतं. आम्ही दोघांना वेगळी गव्हाण दिली. याला म्हणायचं बायवायरिंग."

लोक हसले आणि त्यांना पटलं. मग तो म्हणाला, की तारेवरचा बाण स्पीकरकडेच हवा, उलटा लावला तर आवाज रुसतो. शिवाय नवी तार कच्ची असते, आढीतल्या आंब्यासारखी पिकावी लागते, त्याला दोनशे तास लागतात. घाई करणाऱ्यानं घेऊ नये.

मी लातूरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चमत्कार म्हटलं की आधी हसणाऱ्यांतली. त्या दिवशी मी अब्बांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि फरक मलाही ऐकू आला होता. हे आधीच लिहून टाकते.

माझे अब्बा जिलानी शेरवान्या शिवायचे. त्यांना गाण्याबिण्याचं वेड नव्हतं. त्यांना एकच कॅसेट ऐकायची होती. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. अम्मीनं, कमरुन्निसानं, जन्मभर अब्बांना 'अजी' म्हटलं, नाहीतर 'रिजवान के अब्बा'. एकदाच, एका भाचीच्या मेंदीच्या रात्री, ढोलकीभोवती जमलेल्या बायकांनी तिला धरलं. नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. ती लाजत, कुजबुजत म्हणाली, "जिलानी." मग हशा. कोणीतरी टेप चालू ठेवला होता.

अम्मी गेली तेव्हा ती कॅसेट निघाली. अब्बा रोज तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजनंतर ती लावत. ढोलकी, बायकांचा कालवा, मग ते नाव, मग हशा. नंतर नंतर ते म्हणू लागले, नाव पुसट झालंय. मग म्हणाले, नाव गेलंच; ढोलकी आहे, हशा आहे, मधली जागा रिकामी आहे.

त्यांचे मित्र किशनराव नायगावचे. त्यांनी ही तार आधीच घेतली होती. तेच अब्बांना त्या हॉलमध्ये घेऊन आले होते. कार्यक्रम संपल्यावर अब्बांनी प्रीतमला गाठून कॅसेटची हकीकत सांगितली. प्रीतमनं त्यांचा हात हातात घेतला.

"नाव टेपवरच आहे, चाचा. तुमची तार खाते ते."

किंमत अब्बांनी मला कधी सांगितली नाही. प्रीतम स्वतः घरी येऊन तार बसवून गेला. कॅसेट लावली. घरात सगळे होतो: मी, धाकटा भाऊ रिजवान, त्याची बायको अलीझा. किशनरावही होते. ते नाव आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. ते आधीच्या तारेवरही तसंच येत होतं. अब्बांनी एकेकाकडे पाहून विचारलं, आता साफ आला ना आवाज?

मोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांचा चेहरा इतका आशेनं भरलेला होता. आम्ही सगळे हो म्हणालो. पहिल्यापेक्षा कितीतरी साफ, असं मीच म्हणाले. किशनराव म्हणाले, "हाव, लई फरक हाय."

अब्बांनी मान हलवली. मग रोज तार पिकवायला बसले. दोनशे तास संपले तरी थांबले नाहीत. मी दर शनिवारी लातूरहून येत असे. त्यांनी विचारलं की हो म्हणत असे.

जानेवारीत त्यांच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर त्यांच्याशी बोलत होती आणि ते भलतीच उत्तरं देत होते. तिनं आवाज जाड करून तेच विचारलं, तेव्हा नीट दिली. ती मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, वयानं कानाच्या नसा झिजल्यात. बारीक आवाज, कुजबुज यांना ऐकू येत नसणार. बहुधा बऱ्याच वर्षांपासून. कानाचं यंत्र लावलं असतं तर पुष्कळ फायदा झाला असता. तुम्ही कधी तपासणी केली नाहीत का?

मी आत गेले. अब्बांना ते मोठ्यानं समजावून सांगायचं ठरवलं. त्याआधीच ते बोलले. आम्ही घरी दखनी बोलतो, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"सबको सुनाई देता, बेटा. मेरेकूच नै. तेरी अम्मी मेरेसे नाराज है."

मी सांगितलं, नाही अब्बा, कान आहेत, कान. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. समजूत काढायला आलेल्याचं मन राखावं तसं. पाचव्या दिवशी ते गेले.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी त्यांचं सामान आवरायला घेतलं. बटणांच्या डब्यात चार छोट्या पितळी पट्ट्या निघाल्या. प्रीतमनं तार बसवताना स्पीकरमधून काढलेल्या. रिजवाननं आणलेल्या त्या स्पीकरसोबतची पुस्तिका घरात कोणी उघडली नव्हती. मी वाचली. स्पीकरच्या मागं चार स्क्रू असतात. खालचे दोन जाड आवाजाचे, वरचे दोन बारीक आवाजाचे. खालचे आणि वरचे या पट्ट्यांनी जोडून कारखान्यातूनच येतात. पट्ट्या काढल्या आणि साधी तार फक्त खालच्या स्क्रूंना लावली, तर बारीक आवाजाचा स्पीकर मुका राहतो.

मी पट्ट्या परत बसवल्या, जुनी तार लावली आणि कॅसेट ऐकली. काही फरक नव्हता.

पुढच्या महिन्यात त्याच कार्यालयात पुन्हा कार्यक्रम होता. साध्या तारेवर गोधडीखालचं भजन झालं आणि मी उठून विचारलं, या स्पीकरच्या पट्ट्या कुठे आहेत? प्रीतम म्हणाला, ताई, हे टेक्निकल आहे, नंतर समजावतो. मागून कोणीतरी म्हणालं, लावू द्या की बाईला, तुमचं काय जातंय. मी पुढे जाऊन घरच्या स्पीकरच्या काढून आणलेल्या पट्ट्या बसवल्या. तार तीच ठेवली, साधी. भजन लावलं. टाळ खणखणले.

मग भिंतीजवळचा एकजण म्हणाला, "म्हंजी वासराला तुमीच बांधून ठेवलं होतं की, सायेब."

हॉल हसला. प्रीतमही हसला, त्याला हा धंदा जुना होता. म्हणाला, खरा फरक ओळखायला तयार कान लागतात, आणि त्यानं पुढच्या रांगेत हात केला. "आमचे किशनराव सांगतील. वर्षभर वापरतायत."

किशनराव उठले. टोपी काढून हातात धरली.

"मला काईच फरक कळला न्हवता," ते म्हणाले. "बाजूचे कळला म्हनले म्हनून म्यां बी म्हनलो. अन् जिलानीभाईला त्येंच्या घरी बसून तेच सांगितलो." ते खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही कुठे त्यांच्याकडे पाहू शकत होते?

लोकांना मी एवढंच सांगितलं: घरातल्या चार पावलांच्या अंतराला पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार आणि घट्ट आवळलेले स्क्रू पुरतात. विश्वास नसेल तर तार बदलणाऱ्याला पडद्याआड बसवा, कोणती तार आहे ते न बघता ओळखा, आणि असं वीस वेळा करा. बाण, गव्हाण, आढी, सगळं पडद्याबाहेर गळून पडेल.

जे तिथं सांगितलं नाही ते इथं लिहिते. अब्बांना तारेनं फरक पडलेला ऐकू आला नाही, कारण फरक नव्हताच. त्या खोलीत त्यांचे झिजलेले कान तेवढे खरं सांगत होते. चांगल्या कानांची आम्ही माणसं खोटं बोललो, आणि त्यांनी स्वतःच्या कानांऐवजी आमच्यावर विश्वास ठेवला. प्रीतमनं तार विकली. तिचा चमत्कार आम्ही घडवला, प्रेमानं.

तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस 'फरक पडला ना?' असं विचारील, मग ती तार असो, ताईत असो की तेल. तेव्हा हो म्हणू नका. 'तुम्हाला काय वाटतं?' असं उलट विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.