चार दिवसांआड

बत्तीस. करुणाने पेपर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बत्तीसच होते.

दहावीच्या गणितात ती दोनदा राहिली होती. आता चौतिसाव्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती शेळगावहून इंदापूरला क्लासला यायची आणि सोळा वर्षांच्या मुलांत शेवटच्या बाकावर बसायची. या सराव परीक्षेत पस्तीस पडले नाहीत तर पुस्तके रद्दीत घालीन, असे तिने स्वतःच नवऱ्याला, सोमनाथला सांगून ठेवले होते.

तीन गुण अंकगणिती श्रेढीने खाल्ले होते. ‘वर्षाच्या पहिल्या दिवशी नळाला पाणी आले. त्यानंतर चार दिवसांआड पाणी येते. तर विसाव्यांदा पाणी कितव्या दिवशी येईल?’ तिने ९६ लिहिले होते. त्यावर लाल फुली आणि शेजारी ७७.

सूत्र बरोबर होते, गुणाकार बरोबर होता. मग चुकले कुठे? ती मधल्या सुट्टीत पेपर घेऊन नारायण सरांपुढे उभी राहिली.

“फरक चार आहे, करुणाताई. तुम्ही पाच धरलाय,” सर चहाचा कप न ठेवताच म्हणाले. “प्रश्नातच लिहिलंय की चार.”

“चार दिवसांआड लिवलंय, सर.”

“तेच ते.”

“तेच कसं?” तिचा आवाज चढला. “आमच्याकडं चार दिवसांआडच पाणी येतं. सोमवारी आलं की मंगळ, बुध, गुरू, शुक्र कोरडं. मग शनिवारी. मी हंडे भरती, मला न्हाय कळायचं?”

“उत्तरसूचीत सत्त्याहत्तर दिलंय.”

“उत्तरसूचीच्या घरी रोज पाणी येत आसंल.”

सर हसले. तिला हसू आले नाही. “बरं, दिवसाआड म्हंजे किती, सर?”

“एक दिवस सोडून.”

“म्हंजे फरक दोन. तुमच्या रीतीनं एक यील. मग ते रोजचंच पाणी झालं की!”

सरांनी कप ठेवला, बोटांच्या पेरांवर वार मोजले. पुन्हा मोजले.

“च्यायला,” ते पुटपुटले. मग फुली खोडून तीन गुण दिले. पस्तीस. “पण वर्गात बोलू नका. बाकी बावीस जणांनी सत्त्याहत्तरच काढलंय. सगळे पेपर फिरवावे लागतील.”

पस्तीस हातात होते आणि तरी तिचे डोके तापलेलेच राहिले. “आन् बोर्डात हेच आलं तर? ती पोरं चारच धरत्याल.”

“मग तुम्हीच सांगा त्यांना. शिव्या पण तुम्हीच खा.” सरांनी खडू पुढे केला.

सुट्टी संपल्यावर तिने फळ्यावर सोमवारपासून शनिवारपर्यंतचे वार लिहिले, मधल्या चारांवर काट मारली आणि खाली मांडले: १ + १९ × ५ = ९६.

पहिल्या बाकावरची पूर्वी नावाची मुलगी उठून उभी राहिली.

“काकू, मला छत्तीस होते.”

तेहतीस म्हणजे काय, हे या खोलीत करुणाइतके कुणालाच माहीत नव्हते.

“व्हय,” ती म्हणाली. “आता तेहतीस. वही काढ.”