शिखराशेजारचा उंचवटा

संध्याकाळी सरांचा निरोप समारंभ आणि सकाळीच तिच्यापुढे हे झेंगट उभं राहिलं. प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत. सरांची शेवटची विद्यार्थिनी ती, शेंडेफळच म्हणा ना.

सरांचं वीस वर्षं एकच म्हणणं: त्यांच्या मिश्रधातूत एका धातूचे इलेक्ट्रॉन शेजारच्या धातूकडे थोडे सरकतात. आता इलेक्ट्रॉन काही डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून क्ष-किरण मारून त्यांना अणूतून उडवायचं आणि बाहेर पडताना अंगात किती जोर उरला ते मोजायचं. जोर कमी उरला, म्हणजे अणूनं घट्ट धरून ठेवलं होतं. त्यावरूनच कोण आत, कोण बाहेर, कोण सरकलंय ते कळतं. सरांच्या आलेखात मोठ्या शिखराशेजारी एक छोटा उंचवटा यायचा. इलेक्ट्रॉन सरकल्याचा तोच त्यांचा पुरावा. कुणी मानलं, कुणी हसलं, सर मोजत राहिले.

नव्या यंत्रात मात्र हवा न लागू देता, निर्वात पेटीतच नमुना खरवडायची सोय होती. धाकटीनं सहज म्हणून खरवडला आणि उंचवटा गायब. दुसरा खरवडला, तोही साफ. हवा लागून धातूवर धरलेला गंजाचा पातळ थर, एवढंच होतं ते.

फोनवर नवरा म्हणाला, आजचा दिवस गप्प बस, म्हाताऱ्याला सुखानं जाऊ दे. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण सर संध्याकाळी भरल्या सभागृहात नेमकं याच उंचवट्यावर बोलणार होते. तिचा सरांवर जीव होता, म्हणूनच तिला गप्प बसवेना.

तिनं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि तिसरा नमुना स्वतःच्या हातानं खरवडला. पडद्यावर शिखर आलं, एकटंच.

"म्हणजे वीस वर्षं मी गंज मोजला," ते म्हणाले.

तिला रडू आवरेना.

"रडतेस कशाला? हेच उद्या सांगितलं असतंस, तर मात्र तुला कधी माफ केलं नसतं."

संध्याकाळी सरांनी भाषणाचे कागद खिशातून काढलेच नाहीत. आपण चुकत होतो, कसं ते ही मुलगी सांगेल, एवढं बोलून त्यांनी माईक धाकटीच्या हातात दिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिचं बोलून झालं. प्रश्न विचारायला पहिला हात वर झाला तो सरांचाच.