आबांची डागणी
गाठ माझ्या छातीत, आणि तिची चर्चा सणसरच्या चावडीवर. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहतच नाही. नाव मी घेत नाही, गाव त्यांना म्हस्कू म्हणतं. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हा कॅन्सर आहे, लवकर मुंबईला न्या, तिथं रेडियमचा इलाज होतो. आम्ही दारापर्यंत गेल्यावर परत हाक मारून बजावलं होतं, गाठीवरची कातडी शाबूत राहिली पाहिजे. लेप नको, शेक नको, डाग तर मुळीच नको. कातडी जळाली तर तिथले डॉक्टर हातसुद्धा लावणार नाहीत. ह्यांनी गावभर मुंबई सांगितली. डागाचं मात्र कुणापाशी बोलले नाहीत, कारण डाग देणारा माणूस आमच्याच घरात होता.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, आबा. घरात मेंढरं होती तेव्हापासून त्यांची डागणी या मुलखात नावाजलेली. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला, पण ती लोखंडी डागणी राहिली. मेंढरू लंगडलं, बैलाचा खांदा सुजला, माणसाच्या पोटात गोळा उठला, की डाळजेपासून सांगवीपर्यंतची माणसं आमच्या अंगणात. आबा लोखंड लाल करायचे, बिरोबाचं नाव घ्यायचे आणि टेकवायचे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बांधाबांध करत होते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन लुगडी, घोंगडं. पहाटे बैलगाडीनं बारामती, तिथून आगगाडी. मुंबईत माझा मामेभाऊ गिरणीत होता, त्याच्या खोलीत उतरायचं होतं. मुंबई कशी असते हे दोघांनाही माहीत नव्हतं. भीती वाटत होती, पण भीत बसायला मला सवड नव्हती.

हे आले आणि उंबऱ्यावरच बसले. "सारजे, एक आयकशील?"

"बोला की."

"आबा म्हणत्यात, एक डाग घ्यावा. मग खुशाल जावा. न्हायतर गाडी द्यायची न्हाय म्हणत्यात."

"का म्हणून?"

"लोक हसत्यात. सारा मुलूख ह्येंच्याकडं दुखणं घिऊन येतो, आन् ह्येंचीच सून मुंबईला चालली."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गाठ माझी, जीव माझा, आणि अब्रू जायची ती आबांची!

"डाक्तर काय म्हणला, ते तुमी आयकलं न्हवं?"

"आयकलं की. पर एवढुसा डाग. गाठीच्या जरा बाजूला…"

"मग तुमीच घ्या की बाजूला!"

बाहेरून शेणी पेटल्याचा वास आला. मी हो म्हणायची वाटसुद्धा आबांनी पाहिली नव्हती.

मी तरातरा अंगणात गेले. पदर मात्र डोक्यावरच ठेवला. कितीही राग आला तरी सासऱ्यासमोर पदर पडू द्यायचा नाही, एवढं आमच्या अंगात मुरलेलं. आबा निखाऱ्यांत डागणी खुपसून बसले होते.

"ये पोरी, भिऊ नगंस," ते मायेनं म्हणाले. त्या मायेचाच मला जास्त राग आला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"मी डाग घेणार न्हाय, आबा."

"डोळं मिटून घे. म्हस्कू हात धरंल."

मी वळून पाहिलं. हे माझ्या मागं येऊन उभे होते आणि त्यांनी खरंच हात पुढं केले होते.

"आत्याबाईंना बी हीच गाठ हुती," मी म्हणाले.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्या घरात तिच्या दुखण्याचं कुणी नाव काढत नसे. तिचं आयुष्यच तेवढं होतं, असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण शेवटचे महिने तिची जखम धुणारी मी होते. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली पोर. डाग चिघळले होते आणि गाठ त्यांच्यामधून वर आली होती. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

"सांगा की, आबा! एवढं डाग दिलं, गाठ गेली का?" मी ओरडत होते. शेजारची छबूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. राहू दे म्हटलं उभी. "आवो, गेली का गाठ?"

आबांचा चेहरा लालबुंद झाला. डागणी उचलून ते उठले. "सासऱ्याला जाब इचारती? म्हस्कू, धर तिला!"

हे हलले नाहीत.

"धर म्हनतो न्हवं!"

"न्हाय, आबा." ह्यांनी हात मागं घेतले. "आईला मीच धरलं हुतं. तुमी म्हनला म्हनून धरलं. सोड रं लेकरा, सोड रं, म्हनत हुती ती."

हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग निवला तर नाहीच, उलट दुप्पट झाला. आईचा तो आवाज ऐकलेला हा माणूस आज माझे हात धरायला आला होता!

"तिला बरं वाटलं हुतं," आबा म्हणाले. "दर डागाला म्हनायची, आता बरं वाटतंय."

"तुमच्यासाठनं म्हनायच्या त्या," मी म्हणाले. "रातभर माझ्या मांडीवर तोंड दाबून रडायच्या. म्हनायच्या, त्यास्नी सांगू नगंस, ते लई मनाला लावून घेत्यात."

डागणीचा लाल रंग काळा पडला तरी ती आबांच्या हातातच होती. मग ते गोठ्याकडं वळले आणि आमच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "म्हस्कू, बैलास्नी वैरण टाक. पहाटं निघायचंय."

मी त्यांना माफ केलं नाही. आत गेले आणि उरलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या. पहाटे आबांनी स्वतः गाडी जुंपून आम्हाला बारामतीच्या स्टेशनावर सोडलं. गाडी सुटली, दौंड आलं, मुंबईची गाडी मिळाली, तरी ह्यांच्याशी मी एक शब्द बोलले नाही.