घाटात थांबलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. रंग उडालेला, हॉर्न घोगरा, पण घाट मात्र जिद्दीनं चढणारी. दर मंगळवारी मी मनोविकाराच्या डॉक्टरांना शहरातून खुलताबादला न्यायची.

तिथं मल्हारी नावाचा मेंढपाळ यायचा. त्याला कुणी बोलत नसतानाही आवाज ऐकू येत. औषधांनी तो सावरला, पुन्हा मेंढरांमागं हिंडू लागला. त्याची बायको बानाबाई माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायची, "गाडी आली, जिवात जीव आला."

मग वरून हुकूम आला. डिझेल परवडत नाही, रुग्णांनीच शहरात यावं. मी दवाखान्याच्या आवारात धूळ खात उभी राहिले.

काही महिन्यांनी बद्रीनाथसर आले. मनाच्या आजाराचा घराला आणि सरकारला काय खर्च पडतो, याचा ते अभ्यास करत. फेऱ्या थांबल्यावर गावात काय झालं, ते त्यांना बघायचं होतं. ड्रायव्हर सांडूभाऊंनी मला बाहेर काढलं.

खुलताबादच्या अलीकडंच बानाबाई धावत आडवी आली.

"सायब, एसटीच्या गर्दीत ह्ये लई बिथरतात. गोळ्या सुटल्या. ह्यांना राखायला म्या मजुरी सोडली, निम्मी मेंढरं इकली. आन आज सकाळधरनं ह्ये घरात नाय!"

तिला घेऊन आम्ही त्याला शोधायला निघालो. घाटाच्या वळणावर मल्हारी रस्त्याच्या मधोमध उभा! सांडूभाऊंनी करकचून ब्रेक दाबला. चाकं घसरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याच्या हातातला धोंडा माझ्या काचेवर बसला.

"त्यो आवाज गप करा!" तो ओरडला. त्याच्यामागं कठडा तुटलेला होता. खाली दरी.

बद्रीनाथसर उतरू लागले. बानाबाईनं त्यांचा दंड धरला. "तुमी नका उतरू. गाडी बंद करा."

ती एकटीच उतरली. मल्हारी मागं सरकत तुटक्या कठड्यापाशी गेला. खडे दरीत घरंगळले. माझ्या आतलं तेलसुद्धा गोठलं. बानाबाई पुढं गेलीच नाही. तिथंच रस्त्यावर बसली.

"अवं, म्या दमले. उठवा मला. हात द्या."

त्यानं दरीकडं पाहिलं, मग तिच्या पुढं केलेल्या हाताकडं. मग हळूहळू चालत आला आणि त्यानं हात दिला.

मी दोघांना थेट शहरातल्या दवाखान्यात नेलं.

पुढं बद्रीनाथसरांनी फेऱ्या बंद करणाऱ्या मोठ्या साहेबांना माझ्याजवळ आणलं. म्हणाले, "डिझेलचा खर्च वाचला नाही, साहेब. तो बानाबाईच्या घरावर ढकलला गेला." साहेबांनी माझ्या फुटक्या काचेवरून हात फिरवला आणि फेऱ्यांचा कागद मागवला.

मंगळवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मल्हारीला अजून अधूनमधून आवाज येतात, पण तो मेंढरं राखतो आणि बानाबाई कामावर जाते.

मित्रांनो, मला तेलपाणी लागतं, तसं दुखऱ्या मनाला वेळेवर औषध लागतं. ते तोडून कुणी काटकसर करू लागलं, तर एवढंच विचारा: मग त्या घरात मजुरी कुणी सोडायची?