जिभेखालची गोळी

लातूरच्या आडतीत रेणुकादास भुईमुगाचं पोतं काट्यावर चढवून घेत होता, तेव्हा तारवाला आला. रेणुकादासनं हातातलं वजन पारड्यात टाकलं, काटा थांबू दिला, आकडा सांगितला आणि मगच पुढं झाला. तार इंग्रजीत होती. तारवाल्यानंच ती मराठीत सांगितली. नांदेडला बायको वारली, लगेच निघा.

आडत्या बसवंतनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"पोरंबाळं हायती का?"

"नाहीत."

"बरं झालं," बसवंत म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. "म्हंजे तसं न्हवं ओ. बसा तुम्ही. मोटार आता सकाळीच हाय."

रेणुकादास नांदेडच्या एका तेलगिरणीत कारकून होता. माल मोजून घ्यायला आठ दिवसांसाठी आला होता. रात्रभर तो पोत्यांना टेकून बसला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी पोचला, तेव्हा सौदामिनीचं सगळं उरकलं होतं. अग्नी चुलतभावानं दिला होता.

काय झालं ते गोदावरीआत्यानं सांगितलं.

"सकाळची वेळ. नाना माजघरात बसून तुझ्या आईच्या श्राद्धाचं सांगत होते तिला. कोण ब्राह्मण, कोणत्या भाज्या. ही दारात उभी. मधेच छातीला हात लावला. कनवटीची शिशी काढली, गोळी जिभेखाली टाकली. मला वाटलं, आता उतरेल कळ. नानांचं चाललेलंच होतं. थोड्या वेळानं नुसती पांढरी फटक पडली रे, आणि उभी होती तशी कोसळली. डोकं उंबऱ्याच्या दगडावर. दुपारपर्यंत श्वास होता."

छातीची कळ सौदामिनीला वर्षभरापासून होती. पाणी आणताना यायची, जिना चढताना यायची. डॉक्टरांनी काळजाचं दुखणं सांगितलं. तपकिरी शिशीतल्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. कळ आली की एक जिभेखाली धरायची, गिळायची नाही. गोळी घेतली की कळ उतरायची, हे रेणुकादासनं दोनदा पाहिलं होतं.

नानांचं म्हणणं वेगळं होतं. नाना म्हणजे रेणुकादासचे वडील शेषेराव, कचेरीत तीस वर्षं साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत.

"या खेपेला गोळ्या खडूच्या दिल्या. खऱ्या असत्या तर सून माझ्या डोळ्यांदेखत गेली नसती. त्या कंपौंडरनं बदलल्या."

दिवस झाले तोवर हे गल्लीभर झालं होतं. दवाखान्यात येणारे लोक खाजा कंपौंडरच्या हातचं औषध घेईनात. उलगडा होईपर्यंत घरी बस, असं डॉक्टरांनी खाजाला सांगितलं. तेराव्यानंतर नानांनी जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांच्या नावे खाजाविरुद्ध उर्दूत अर्ज लिहिला आणि मुलापुढं ठेवला.

"सही कर. उद्या कचेरीत द्यायचा आहे."

रेणुकादासनं अर्ज वाचला. मग शिशी खिशात टाकून तो खाजाच्या घरी गेला.

खाजा ओट्यावर सुपात डाळ निवडत बसला होता. कामाच्या दिवशी कधी घरी न दिसणारा माणूस. तो गडबडीनं उठला.

"या, रेणुकादासजी."

आतून त्याच्या बायकोचा, वहिदाचा आवाज आला. "आता काय न्यायचं राहिलंय म्हणावं? शेजारीण बी दारात उभी राहत न्हाई आमच्या."

"वहिदा, गप. त्यांच्या घरचं माणूस गेलंय."

रेणुकादासनं शिशी पुढं केली. खाजानं बूच काढलं, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या, उजेडाकडं धरल्या.

"ह्याच. मी दिलेल्या."

"खऱ्या कशावरून?"

खाजाला राग आला नाही. "जिभेखाली धरा, कळंल. आधी चरचरंल, मग डोकं ठणकंल. खडू काय चरचरतो व्हय? तुमचं काळीज धड हाय, एकीनं काय व्हत न्हाई. पण आधी बसा."

रेणुकादास बाजेवर बसला. गोळी जिभेखाली चरचरली आणि विरघळली. तोंड गरम झालं. कानशिलं अशी उडायला लागली की त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. गोळी खरी होती. आता इथं बसण्यात अर्थ नव्हता. तो जायला म्हणून उठला.

दोन पावलांवर ओटा काळा झाला. तो कलंडला. खाजानं त्याला काखेत धरलं, परत बाजेवर निजवलं आणि पायांखाली वाकळेची गुंडाळी सारली.

"उठायचं न्हाई म्हणून गोळ्या देताना दवाखान्याच्या खिडकीवर सांगितलं व्हतं की. ह्या गोळीनं रक्ताच्या रगा ढिल्या पडत्यात. उभ्या माणसाचं रक्त खाली उतरतं, डोक्याला मिळत न्हाई. बसूनच घ्यायची, दोनदा सांगितलं तुम्हाला. वहिनी तवा बाहेर टांग्यात व्हत्या. त्यांना सांगितलं व्हतं न्हवं?"

रेणुकादास छपराकडं पाहत राहिला.

सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, गिरणीतून आल्यावर. सौदामिनी देवाच्या वाती वळत होती. बसून घ्यायची, असं तो म्हणाला तेव्हा तिनं मान वर केली.

"आणि मामंजी समोर असले तर?"

त्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे. अकरा वर्षांत ती बसली नव्हती. त्याला भूक लागली होती. पायांतल्या वहाणासुद्धा काढून झाल्या नव्हत्या.

"मग उभ्यानं घे," तो म्हणाला होता. "गोळी ती गोळीच."

तिनं बरं म्हटलं आणि वात पुरी केली.

"काय ओ? सांगितलं व्हतं न्हवं?" खाजानं पुन्हा विचारलं.

"सांगितलं होतं."

खाजा बाजेच्या कडेला टेकला. शिशी हातात घेऊन त्यानं बूच बसवलं.

"मग कसं झालं?" तो हळू म्हणाला. "बसून घेतल्यावर माणूस पडत न्हाई. माझाच हात चुकला का कुठं? त्या दिवशी लई गर्दी व्हती. दुसऱ्या औषधात तर काय मिसळलं न्हाई ना मी?"

रेणुकादासनं अर्धा तास तिथंच काढला आणि मग निघाला.

घरी नाना बैठकीवर अर्ज पुढं घेऊन बसले होते. रेणुकादास नेहमीसारखा त्यांच्यासमोर उभा राहिला. डोकं अजून ठणकत होतं. त्यानं चौकटीला हात लावला.

नानांनी वर पाहिलं. "चक्कर येतेय का? बस."

रेणुकादास बसला. बसल्यावर त्याला रडू आलं. लातूरपासून आतापर्यंत आलं नव्हतं.

नानांनी ते ओसरू दिलं.

"गोळी खरी आहे, नाना. मी खाऊन पाहिली. उभ्यानं घेतली की माणूस पडतं. खाजानं बसून घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही समोर असाल तर उभ्यानं घे, असं मी तिला म्हणालो."

"मी समोर असेन तर," नाना म्हणाले. त्यांनी दौतीला झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही पाहिलं. मग बोलले. "गोळी टाकताना पाहिलं होतं मी. पडवळ की दोडका, हे सांगत होतो. म्हटलं, एवढं झालं की जाईल ती आत."

रेणुकादासनं डोळे पुसले. नानांनी अर्जाची घडी घातली आणि पेटीत ठेवली. फाडला नाही.

"गल्लीत काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस. आपल्या घरची गोष्ट लोकांच्या तोंडी कशाला?"

"आणि खाजा?"

"अर्ज देत नाही आपण. आणखी काय हवं त्याला?"

पाठोपाठ दिवाळी आली आणि गेली. रेणुकादास गिरणीत जातो, येताना खाजाच्या गल्लीतून येत नाही. खाजाला अजून कुणी कामावर बोलावलेलं नाही. त्या दिवशी आपला हात कुठं चुकला, हे तो भेटेल त्याला विचारतो, असं गोदावरीआत्या सांगते. तो चुकला नव्हता, हे त्याला सांगायचं राहिलं आहे.