उजवी मूठ

लवू परबाचा उजवा हात छप्पन सालच्या जानेवारीत लालबागच्या रस्त्यावर गेला. गेला म्हणजे तुटला नाही. खांद्याला होता तसाच लटकून होता, पण मनगटातून गोळी आरपार निघून गेल्यापासून बोटं काही मिटेनात. मुंबई महाराष्ट्राला हवी म्हणून सगळी चाळ रस्त्यावर उतरली होती, त्यात लवूही होता. पोलिसांचा गोळीबार सुरू झाला तसे सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. लवू मात्र फुटपाथवर पडला. त्याला कॉलर धरून गल्लीत ओढून आणला तो चाळीतल्याच रामदास तांडेलने.

ही गोष्ट चाळीत इतक्या वेळा सांगून झाली होती की ज्यांनी पाहिली नव्हती तेही आता ती पाहिल्यासारखी सांगत. लवूची बायको नलू त्या वर्षापासून रामदासला भाऊबीजेला ओवाळू लागली. तिला सख्खा भाऊ नव्हता, आणि कुंकू राखणाऱ्यापेक्षा सख्खा तो आणखी कोण असणार?

लवू गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होता. गिरणीत माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी बदली लागतो. बदली कामगाराचं नशीब मोठं विचित्र. दुसरा आजारी पडला की याची चूल पेटते आणि दुसरा बरा झाला की विझते. रामदास तेव्हा असाच रोज सकाळी गेटावर उभा राहून आज आत घेतात का म्हणून वाट बघायचा. इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या लवूने आपल्या हेड फिटरला, नानांना निरोप पाठवला की माझ्या जागेवर रामदासलाच घ्या. नानांनी घेतला. शिवाय लवूचं नावही कापू दिलं नाही. "माणूस रजेवर आहे, मेला नाही," असं त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं म्हणे.

दोन वर्षं नलूच्या गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या पगारावर घर चाललं. लवू डाव्या हाताने जेवायला शिकला, दाढी करायला शिकला, कानस चालवायलाही शिकला. डाव्या हाताने जेवताना आधी आधी तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.

अशात रशियाने आभाळात नकली चंद्र सोडला आणि पाठोपाठ कुत्री. डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत जिन्याखालच्या कुत्रीचं नाव दुसऱ्या दिवशी लायका पडलं आणि तिला शिळ्या भाकरीऐवजी ताजी मिळू लागली. चाळीच्या सत्यनारायणाला दर जानेवारीत काहीतरी गंमत असायची. यंदा कमिटीने ठरवलं, 'चंद्रावर स्वारी' असा खेळ करायचा. करणार कोण? सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. लवूने रामदासकडे पाहिलं. दोघांनी मिळून करायचं ठरलं.

करी रोडच्या एका न्हाव्याने मोडकी खुर्ची दिली. तिच्यासमोर दोन लाकडी रूळ बसवले, त्यांवर रंगवलेल्या आभाळाचं कापड. मागून एकाने रूळ फिरवला की आभाळ सरकायचं आणि खुर्चीत बसलेल्याला आपणच उडतोय असं वाटायचं. कापडापुढे दोऱ्यांवर पत्र्याचं यान. कापडावर जागोजाग पत्र्याचे धोंडे शिवले होते. यान त्यांना किंवा तळाला लागलं की बॅटरीवरची घंटा वाजली आणि खेळ खलास. न लागता शेवटच्या चंद्रापर्यंत पोचलं तर शाबास. सगळा कारभार खुर्चीतल्या दांडीवर, आणि ही दांडी कशी असावी यावरून चाळीत भांडण जुंपलं.

"दांडी मागे ओढली की यान वर जायला हवं. पतंग काय ढील सोडून वर जातो? ठुमका मारला की जातो," एक म्हणाला. ते लवूला पटलं. पण डावं-उजवं आलं आणि सगळा घोळ झाला. अर्धी चाळ मालवण-वेंगुर्ल्याची, होडीत वाढलेली. होडीचं सुकाणू डावीकडे लोटलं की होडी उजवीकडे वळते. ही माणसं खुर्चीत बसली की समोर धोंडा दिसताच सुकाणूच्या हिशेबाने दांडी लोटायची आणि यान नेमकं धोंड्यावर नेऊन आदळायची. वर यंत्रालाच शिव्या. लवू स्वतः होडीवाल्यांतलाच, पहिल्यांदा त्यानेही तेच केलं आणि पोट धरून हसला.

मग त्याने एकेकाला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, विचार करू नका, नुसता हात कुठे जातो ते बघू द्या. म्हाताऱ्या आल्या, पोरं आली, देशावरचे पैलवान आले. आठवडाभर हे बघून त्याने ठरवलं. जिकडे दांडी तिकडे यान. सुकाणूवाल्यांचा हात दोन खेळांत सरळ होतो, इतरांचा मात्र वाकडा काही होत नाही. दांडी खुर्चीच्या मधोमध, दोन गुडघ्यांमध्ये. उजव्याने धरा नाहीतर डाव्याने. आणि तिसरी गोष्ट त्याच्या जिवाची होती. दांडी सोडून दिली तर ती आपसूक मधे यावी आणि यान आहे त्या उंचीवर सरळ जात राहावं.

"सोडल्यार पडाक व्हया ना?" रामदासने विचारलं. "मजा ती काय मग?"

"घाबारलेल्या माणसाचो हात पयलो सुटता," लवू म्हणाला. "तेका यंत्रान शिक्षा कित्याक करूची?"

रामदासने पुन्हा कानस उचलली. तो बोलण्यापेक्षा कामाचा माणूस, असं लवूला वाटलं.

पूजेच्या आदल्या रविवारी नाना यंत्र बघायला आले. खुर्चीभोवती फिरले, दोऱ्या ओढून पाहिल्या, सुताच्या बॉबिनांपासून केलेल्या कप्प्यांवरून बोट फिरवलं. मग लवूकडे न बघताच म्हणाले, "साहेब आता थांबत नाही. तुझ्या जागेवर कायम माणूस कोण ते मला पूजेच्या दिवशीच सांगायचंय. तू असं कर, पूजेला मी येतो. सगळ्यांसमोर हे तुझ्या त्या डाव्या हातानं चंद्रापर्यंत नेऊन दाखव. एका हाताला एवढं जमतं म्हटल्यावर मी साहेबाशी भांडायला मोकळा. नाही जमलं तर मला सांगू नको, नाना माझ्यासाठी बोला म्हणून."

लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. जवळच रामदास पत्रा कापत होता. त्याची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

नाना गेल्यावर लवूला ओशाळल्यासारखं झालं. "माका जागो गावलो तर तुझा काय रे?"

"बदली तो बदलीच," रामदास हसला. "आज हंय, उद्या थंय. माझी काळजी करू नको तू."

किती मोठं मन, लवू रात्री नलूला म्हणाला. नलूनेही मान डोलावली. जगात साधी माणसं असतात म्हणून तर लबाडांचं फावतं.

पूजेच्या दिवशी लवू आंघोळ करून, नलूने इस्त्री केलेला सदरा घालून खाली आला. भटजींची कथा आणि आरती आटोपली होती. यंत्रावरची चादर बाजूला केली आणि तो जागच्या जागी थबकला. खुर्चीच्या उजव्या हातावर एक नवी मूठ बसवली होती. सायकलच्या ब्रेकसारखी, जाड स्प्रिंगची. दाबून धरली तर यान वर राहायचं. सोडली की स्प्रिंग उसळायची आणि यान खाली तळाला जाऊन घंटा.

"ह्यां काय?" लवूने विचारलं.

रामदासने त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं. "अरे, कमिटीतले म्हातारे कुरकुरूक लागले. पूजेच्या दिवशी पयला यान डाव्या हातान उडवूचा? तीर्थ काय डाव्या हातान घेतत? मियां म्हटलंय, उजव्या हाताकय काम देवया. तुझाच नाव रवला मा? आयत्या वेळार तुका कित्याक त्रास, म्हणान मियांच बसवलंय."

म्हातारे खरंच कुरकुरले होते का, हे विचारायला वेळ नव्हता. विचारून उपयोगही नव्हता, कारण विचारलं असतं तर ते कुरकुरलेच असते. डाव्या हाताचं निमित्त असं आहे की ते कोणीही काढावं आणि सगळ्यांनी माना डोलवाव्यात. लवूने मूठ उजव्या हातात धरून पाहिली. बोटं तिच्यावरून नुसती घसरली. कोपराने दाबून पाहिली, तर अंग वळून डावा हात दांडीपर्यंत पोचेना. तेवढ्यात नाना आलेच. हातात प्रसादाचा द्रोण, पायात वहाणा तशाच, कारण त्यांना लगेच निघायचं होतं. "चल रे लवू. मला इथनं थेट ऑफिसात जायचंय, साहेब वाट बघतोय."

चाळीच्या तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले होते. नलू खालीच, खांबाला टेकून उभी होती.

लवूने रामदासकडे पाहिलं, आणि त्याला सुचलं ते अगदी सरळ होतं. ज्या हाताने रस्त्यावरून ओढून आणलं तोच हात आहे की! "रामदास," तो मोठ्याने म्हणाला, "मूठ तू धर. माझो उजवो हात तूच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एवढ्या सगळ्यांसमोर रामदास नाही कसा म्हणणार? तो खुर्चीशेजारी बसला आणि त्याने मूठ दाबली.

आभाळ सरकू लागलं. लवूने दांडी ओढली आणि यान उचललं. पहिला धोंडा त्याने खालून चुकवला, पुढची जोडी मधून. वरून कोणीतरी "अरे वा!" म्हणालं. त्याचा हात आता विचार करत नव्हता, नुसता जात होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण अपंग आहोत याचा विसर पडला. धोंडे मागे पडले. कापडाच्या कडेला पिवळा चंद्र दिसू लागला. नाना पुढे वाकले होते, द्रोणातला शिरा तसाच राहिला होता.

आणि तेव्हा लवूला आपल्या दंडाला लागून असलेल्या रामदासच्या दंडाचा स्नायू सैल पडल्याचं कळलं. आधी दंड सैल पडला, मग मूठ सुटली. सटकलेला हात असा सुटत नाही, तो झटक्याने सुटतो. हा सावकाश सुटला, माणूस ओझं खाली ठेवतो तसा. स्प्रिंग उसळली, यान तळाला गेलं आणि घंटा वाजू लागली.

"अर्रर्र!" सगळी चाळ एकदम म्हणाली.

"घामान हात सरकलो रे!" रामदास उठून उभा राहिला. चेहरा असा पडलेला, की कोणालाही त्याचीच दया यावी.

नानांनी घंटेची तार स्वतःच काढली. लवूच्या पाठीवर हात ठेवला. "हात चांगला आहे तुझा. पण बघ, तूच केलेलं यंत्र, त्यालाही शेवटी ही मूठ बसवून दोन हात लागलेच. वर्कशॉपात शेजारी कोण बसून राहणार?" मग ते रामदासकडे वळले. "उद्यापासून तू बदली नाहीस. साहेबाला सांगतो." आणि ते गर्दीतून वाट काढत निघून गेले.

लवूच्या ओठांवर आलं होतं, नाना, थांबा, ह्याने मूठ मुद्दाम सोडली. पण म्हणायचं कोणाविषयी? ज्याने जीव वाचवला त्याच्याविषयी? चाळीने तोंडात शेण घातलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. गोळी लागली तेव्हा ती कोणी मारली ते लवूला ठाऊक होतं, आणि त्याच्यावर राग धरता येत होता, घोषणा देता येत होत्या. इथे तसलं काहीच नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं, रस्त्यावर पडला होता तेव्हापेक्षाही एकटं. नलू त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही कळलं नव्हतं. ती रामदासला पाण्याचा तांब्या घेऊन जात होती, त्याला वाईट वाटलं असेल म्हणून.

लवू खुर्चीतून उठला आणि रामदाससमोर डावा हात पसरला. "पानो दी."

रामदासच्या कमरेला पाना होता. लवूचाच होता, जागेबरोबर तोही दोन वर्षं रामदासकडेच होता. त्याने तो काढून दिला. लवू खाली बसला, मुठीखालचा नट सोडवला, स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि दोरी पूर्वीच्या आकड्याला अडकवली. वेळ लागला नाही. मग तो पुन्हा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "फिरवा रे रूळ."

अर्धी माणसं प्रसादाला गेली होती. उरलेल्यांना वाटलं, बिचारा मन रमवतोय. कापड सरकू लागलं. लवूने एका हाताने यान वर घेतलं, धोंड्यांमधून काढलं, मधे एकदा मुद्दाम दांडी सोडून दिली. यान सरळ जात राहिलं, पडलं नाही. त्याने दांडी पुन्हा धरली आणि पिवळ्या चंद्रावर ते नेऊन टेकवलं. पोरांनी एकच गिल्ला केला.

रामदास सगळ्यांत आधी पुढे आला. त्याने लवूचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "जमलां मां रे तुका!" तो म्हणाला.

लवूने त्याच्या हातांतून आपला हात काढून घेतला.

"जमता तां तुका आधीच म्हायत होतां," तो म्हणाला.